शेवंता, माझी बहीण आणि सवत

बैलांच्या दमणीतून माझा नवरा उतरला आणि त्याच्यामागून माझी धाकटी बहीण शेवंता उतरली. कपाळभर मळवट, गळ्यात नवी पोत. माझ्या बाळंतपणात मदतीला आलेली पोर. ती माहेरी परत गेली, असं मी समजत होते. सासू म्हणाली, "दोघाइले ओवाळ." मी ताट उचललं आणि हात थरथरायला लागले, ते थांबेचनात.

ती शेवंता गेल्या महिन्यात गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. असं मरण यायलाही नशीब लागतं. ते तिला मिळालं, याचाही मला हेवा वाटतो.

ती सवत होऊन घरात आली तेव्हा निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. राज्यांची वाटणी चालली होती आणि आमचा वांकिडीकडचा पट्टा कुणाकडं जाणार, याशिवाय गावात दुसरी गोष्ट नव्हती. माझी थरथर पाहून गावानं ठरवलं, हिच्या अंगात देवी येते. मंगळवारी मला पाटावर बसवून हळदकुंकू लावायचे. पाटील नारळ पुढं करून विचारायचे, "आई, सांग, आमी कोन्या राज्यात जाऊ? आंध्रात का मुंबईत?" मी दातावर दात दाबून बसायची, तोंडातून नवऱ्यासाठी शिवी निघू नये म्हणून. लोक म्हणायचे, देवी कोपली. झोप नव्हती, घास उतरत नव्हता. दमणीचे घुंगरू वाजले की छाती फुटेल असं वाटायचं... अंग माझं राहिलंच नव्हतं.

एका मंगळवारी शेवंता गर्दीतून पुढं आली. "देवी नाही हे. माही बाई माह्यामुळं थरथर कापून राह्यली. जा आपापल्या घरी."

सासू म्हणाली, "काऊन तोंड चालवून राह्यली वं? नवी नवरी तू!"

"नवी आहो, आंधळी नाही."

मी आणखीच जळले. नवरा हिनं नेला, आणि माझी बाजूही हिनंच घ्यायची?

दुसऱ्या दुपारी तिनं जात्याजवळ तूर ओतली आणि मला समोर बसवलं. खुंटा एक, हात दोघींचे. तूर भरडताना जातं हळू फिरवावं लागतं, नाहीतर डाळीचा भुगा होतो. मी रागानं ओढलं.

"बाई, भुगा शिजवशील का? माह्यावर जळ, पन हळू जळ."

मला हसू आलं, म्हणून तिचा अजून राग आला. पण त्या दगडापुढं घाई चालत नाही. खुंटा माझ्याकडं आला की श्वास आत, तिच्याकडं गेला की बाहेर... उन्हाळाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांची तूर आम्ही भरडली. हळूहळू मी पोटभर जेवायला लागले, झोपायला लागले. तिनं माफी मागितली नाही, मी दिली नाही.

वाटणी झाली. राजुऱ्याकडचं आमचं माहेर मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात राहिलो. देवीला विचारायला पुन्हा कोणी आलं नाही. नवरा त्याच्या शेवटापर्यंत तिच्या हातची भाकर मागून खायचा. माझी पोरं ताप आला की तिच्या मांडीवर जायची. ते पाहून दरवेळी मी नव्यानं जळायची. मग मी उठून काहीतरी दळायला बसायची.

तेरवीला बायका रडत म्हणाल्या, "शेवंताबाईनं लई सोसलं हो, सवतीले सांभाळलं जन्मभर."

मी म्हटलं, "सांभाळलं, खरं आहे. पन सोसलं मी. आन जित्ती आहो."