पातळ पाइप आणि आत्याचा खांदा

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की आमची आत्या म्हणते, "दुसऱ्यांच्या खिडक्यांत बघते, पण आतलं दिसत नाही." समोरचा गोंधळला की मग सांगते, "काचा धुते."

एकोणीस वर्षं हेच काम. गाडीत तीनशे लिटरची टाकी, टाकीला पंप, पंपाला लांबलचक पाइप, पाइपाला पोकळ दांडा आणि दांड्याच्या टोकाला ब्रश. जमिनीवर उभी राहून ती तिसऱ्या मजल्याची काच घासते. पाणी इतकं गाळलेलं असतं की वाळल्यावर मागे डागच उरत नाही, त्यामुळे पुसायचं कामच नाही. आत्या म्हणते, "शहाणं पाणी. आलं, काम केलं, गेलं. पाहुण्यांनी शिकण्यासारखं आहे."

गाडीपाशी आतोबा. त्यांचं काम पंप चालू-बंद करणं, संध्याकाळी पाइप रिळावर गुंडाळणं, आणि आत्या इमारतीचा कोपरा वळली की मागून पाइप उचलून देणं. आतोबांचं प्रत्येक वाक्य "मुळात" या शब्दाने सुरू होतं. "मुळात काच म्हणजे काय", "मुळात आज ऊन आहे", एकदा तर झोपेतून उठून "मुळात किती वाजले?" यावर आत्याचं उत्तर ठरलेलं: "बरं मग?" या दोन शब्दांवर त्यांचा सव्वीस वर्षांचा संसार चालला आहे.

गेल्या वर्षी आत्याचा उजवा खांदा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण वर जायला तयार नव्हता. कामाच्या दिवशी संध्याकाळी तिला स्वतःचे केससुद्धा बांधता येईनात. मग आतोबा कंगवा घेऊन मागे उभे राहायचे आणि तिचा बुचडा बांधायचे. तो बुचडा पाहून कावळ्यालाही अंडी घालावीशी वाटली असती. डॉक्टरांनी सांगितलं की दांडा चालेल, तो हलका आहे. ओढणं बंद करा. आता ओढायचं काय, तर पाइप. बोटाएवढा जाड, पाण्याने भरलेला, दिवसभर इमारतीभोवती.

माझे बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, तरी ती त्यांना छोट्या म्हणते. बाबांची सवय अशी की ते आधी "मी काही म्हणत नाही" म्हणतात आणि मग सगळं म्हणतात.

"मी काही म्हणत नाही ताई, पण आता बास झालं. वाचनालयाचं काम घेतलंयस ना? तेवढं कर. त्या दिवशी संध्याकाळी मी येईन. स्वतःचा बुचडा स्वतः बांधलास तर मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर दांडा मी नेऊन माझ्या माळ्यावर टाकणार."

"बरं मग?"

"बरं मग नाही. हो म्हण."

आत्याने खांदा एकदा चोळला. मग म्हणाली, "हो." ती एकदा हो म्हणाली की मागे फिरत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात गेली. दुकानदाराने पाइपांची भिंतच दाखवली. पिवळा, निळा, रेघारेघांचा, जाळीदार. प्रत्येकाचं वजन कागदावर लिहिलेलं.

"हे रिकाम्या पाइपाचं वजन झालं," आत्या म्हणाली. "रिकामा पाइप कोण ओढतं? पाणी भरून दाखवा."

"बाई, असं कोणी मागत नाही."

"मी मागतेय ना."

त्याने कुरकुरत भरला. तिच्याकडे होता तसला शंभर मीटर जाड पाइप पाण्यासकट पंचवीस किलोच्या पुढे गेला. करंगळीपेक्षा बारीक असलेला पिवळा पाइप साडेसात. आत्याने तो हातात घेतला, दुमडला, सोडला. दुमड लगेच सरळ झाली. तिथेच ठरलं.

आतोबा घरी तो बघून म्हणाले, "मुळात ही सलाईनची नळी आहे. काच धुणार आहेस की काचेला ॲडमिट करणार आहेस?"

"काच धुवायची असते हो, बुडवायची नसते."

"पाणी कसं धो धो पाहिजे."

"धो धो पाणी काचेवरून उडून माझ्या बुटात जातं. एकोणीस वर्षं माझे मोजे धुतलेत तुमच्या धो धोने."

वाचनालयाच्या दिवशी सकाळी आठला दोघं पोचले. तीन मजले, उंच काचा, आणि दारात ग्रंथपाल. हे गृहस्थ आयुष्यभर पुस्तकांत राहिल्याने रस्त्यावरही कुजबुजतात. "मागच्या माणसांनी... ठिपके ठेवले होते," ते आत्याच्या कानाशी म्हणाले, जणू कोणाचं लफडं सांगत आहेत. आत्याही कुजबुजून म्हणाली, "आम्ही ठेवणार नाही."

ती पाइप घेऊन निघाली. सत्तर मीटर गेली, एकदाही मागे वळून "उचला हो" म्हणाली नाही. आतोबा रिकाम्या हातांनी गाडीपाशी उभे. तिने दांडा वर चढवला, तोटी उघडली. ब्रशमधून पाणी आलं, पाच-सात सेकंद चाललं आणि थांबलं. पुन्हा आलं, पुन्हा थांबलं.

गाडीत पंपाजवळ एक छोटी पेटी असते. पाणी किती वेगाने सोडायचं ते तिच्यावरच्या आकड्याने ठरतं. आणि आत्याने दांड्यावरची तोटी बंद केली की पाइपात दाब वाढतो, तो ओळखून पेटी पंप थांबवते. आता पेटीवर "बंद" असं लाल अक्षरांत येत होतं, आणि आत्याची तोटी तर सताड उघडी. आतोबांना वाटलं, या नळीत दमच नाही. त्यांनी आकडा पन्नासचा सत्तर केला. पंप गुरगुरला आणि आणखी लवकर थांबला. मग नव्वद.

तिकडे आत्या दांडा वर धरून पाण्याची वाट बघत होती. घासताना दांडा हलत राहतो, तेव्हा तो हलका वाटतो. नुसता वर धरून उभं राहिलं की तोच खांबासारखा जड. खांद्यात पहिली कळ आली तशी तिने दांडा भिंतीला टेकवला आणि चालत गाडीकडे आली.

"किती केलाय?"

"नव्वद. मुळात मी आधीच सांगत होतो..."

"तीस करा."

"पाणी येत नाहीये आणि तू कमी करायला सांगतेस?"

"शाळा सुटल्यावर सगळी पोरं एकदम दारात घुसली की एकही बाहेर पडत नाही. बघितलंय ना? दार बारीक आहे आपलं. हळू सोडा."

आतोबांनी तोंड वाकडं करत तीस केलं. पंप आधीपेक्षा बराच वेळ चालला, पण शेवटी पुन्हा लाल अक्षरं.

"पेटीला अजून जाड पाइपाचीच सवय आहे," आत्या म्हणाली. "बारीक पाइपातून जाताना पाण्याला जोर लागतो, आणि तिला वाटतं मी तोटी बंद केली. तिला नवा पाइप शिकवायला पाहिजे. माहितीचा कागद कुठाय?"

आतोबांनी गाडीत इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच खाली वाकून टाकीच्या डुगडुगणाऱ्या पायाखालून घडी घातलेला कागद काढला. पाच वर्षं तो तिथेच होता. त्यात सगळं लिहिलेलं: तोटी उघडी ठेवा, बटण दाबून धरा, पेटी नव्या पाइपाचा अंदाज स्वतः घेईल. पेटीने दोन मिनिटं घेतली. तीसवर पंप एकसारखा गुणगुणायला लागला. तिकडे भिंतीशी टेकलेल्या ब्रशमधून पाण्याची शांत धार पडायला लागली. काचेला पुरेल एवढी, बुटात जाणार नाही अशी.

"मग आता मी काय करू?" आतोबांनी विचारलं. या वेळी "मुळात" नव्हतं. आत्याने ते ऐकलं. पाइप ती एकटी ओढू शकत होती, आणि इतकी वर्षं तो उचलून देणं हेच तर त्यांचं काम होतं.

"इथे बसा आणि पंप ऐका," ती म्हणाली. "पेटी चुकते. तुमचा कान चुकत नाही."

दुपारी बाराच्या सुमाराला आतोबा एकदम उठले. पेटीवर काहीही नव्हतं, पण पंपाचा सूर घशात काही अडकल्यासारखा झाला होता. ते पाइपामागे चालत गेले. कोपऱ्यावर कोणीतरी सायकल लावली होती, स्टँड नेमका पाइपावर. जाड पाइपाला त्याने काही झालं नसतं. बारीक पाइप चपटायला लागला होता. त्यांनी सायकल हलवली, पाइप चोळून गोल केला आणि परत येऊन बसले. आत्याला कळलंसुद्धा नाही. तिचं पाणी थांबलंच नव्हतं. नंतर हे त्यांनी तिला चार वेळा सांगितलं, चारही वेळा "मुळात"ने सुरुवात करून.

चार वाजता ग्रंथपाल बाहेर आले, वाळलेल्या काचांकडे बराच वेळ बघत राहिले आणि कुजबुजले, "आकाश दिसतंय." टाकीत अजून पाव भाग पाणी शिल्लक होतं.

सहा वाजता बाबा आत्याच्या घरी हजर. चहा समोर येईपर्यंतही त्यांना धीर नव्हता.

"मी काही म्हणत नाही, पण..."

"दाखवते," आत्या म्हणाली. आरशासमोर बसून तिने पिना काढल्या, दोन्ही हात मागे नेले. उजवा हात खांद्याशी एक क्षण अडला. आतोबा कंगवा घेऊन मागे उभेच होते. त्यांचा हात पुढे आला आणि हवेत थांबला. मग उजवा हात हळूहळू वर गेला. केस गोळा झाले, पीळ बसला, पिना लागल्या. बुचडा थोडा डावीकडे कलला होता, पण तो बुचडाच होता.

बाबांनी शब्द पाळला आणि तोंड उघडलं नाही. चहासाठी उघडलं तेवढंच.

आतोबा कंगवा हातात फिरवत तिथेच उभे. आत्याने आरशात त्यांच्याकडे पाहिलं.

"मुळात," ते म्हणाले, "डावीकडे कललाय."

"बरं मग?" म्हणत तिने एक पिन काढून त्यांच्या हातात दिली.