घरचं नाव काय पुकारायचं?

स्वतःच्या मुलीला सहलीच्या जागी विसरून येणारे बाप जगात पुष्कळ असतील; पण तिच्या नावापुढे आपल्याच हाताने ‘हजर’ लिहून मग विसरणारा बहुधा मी एकटाच.

सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत चौथीच्या दोन तुकड्या. ‘अ’ माझी, ‘ब’ सुनंदाची. सुनंदा माझी मेहुणी (शाळेत मी ‘सर’, घरी ‘दाजी’). मी नाशिकचा, शिस्तीचा. माझ्या वर्गात हात वर करायचा आणि सरांनी विचारलं तरच बोलायचं. ती धुळ्याची. तिच्या वर्गात सगळे एकदम बोलतात, गैरहजर असलेलेसुद्धा! मधल्या भिंतीतून येणाऱ्या गोंगाटापायी आमचं वर्षभर धुमसत होतं. शेवटी दुधनीच्या सहलीआधी मुख्याध्यापिका बाईंनी दोघांना समोर बसवून, एकमेकांच्या पद्धतीचा मान ठेवा, असं बजावलं. मी मान डोलावली. तेवढंच केलं.

निघताना सुनंदाने दोन्ही तुकड्यांतल्या मुलांना जोड्या लावायला सांगितल्या. आपली जोडी दिसली नाही की बोंब मारायची, एवढाच नियम.

“मॅडम, जोडी बैलांची असते,” मी म्हणालो. “माझी मुलं हजेरीपटावर मोजली जातील.”

“मोजा, सर,” ती म्हणाली. “कागद हरवत नाही, पोरगं हरवतं.”

दुधनीला धरणाचं पाणी पाहून झालं, डबे खाऊन झाले. दोन तुकड्या, दोन बस. मी माझ्या मुलांना आमच्या बसमध्ये बसवून हजेरी घेतली. माझी मुलगी मुक्ता माझ्याच वर्गात. पक्षपात नको म्हणून मी तिला उत्तर शेवटी विचारतो, खडू आणायला कधी पाठवत नाही आणि हजेरीत तिचं नाव पुकारत नाही. नुसतं ‘हजर’ लिहितो. घरचं नाव काय पुकारायचं? सकाळी तिची वेणी मीच घातलेली असते की! पट पूर्ण भरला. बाहेर सुनंदाची मुलं अजून जोडीदारांच्या नावाने कोकलत होती. मी खिडकीतून तिला घड्याळ दाखवलं (नम्रपणे, पण दोनदा) आणि आमची बस सोडायला लावली.

थोड्या वेळाने मागच्या बाकावर एक हात वर दिसला. रोशनीचा. तिचे आईवडील मसाटच्या कारखान्यात कामाला, मुलगी अतिशय आज्ञाधारक. वळणावळणाचा रस्ता, म्हणजे हिला मळमळत असणार. मी तिला एक पिशवी दिली. तिने ती मुकाट्याने घेतली आणि दुसरा हात वर केला. मी आवळासुपारी दिली. तिने ती खाल्ली. हात वरच. खानवेल येईपर्यंत तिने हात चार वेळा बदलला, आणि मी मनात म्हटलं, याला म्हणतात वळण.

खानवेलला मी विचारलं, “बोल, काय होतंय?”

“सर, माझी जोडी नाही.”

“कोण तुझी जोडी?”

“मुक्ता.”

डोळ्यांपुढे दुसरं काही नाही, फक्त ते धरणाचं पाणी. मी ड्रायव्हरला बस वळवायला सांगितली. तो म्हणाला, “साहेब, यहाँ नहीं घूमेगी, आगे से लेता हूँ.” सहलीत मोबाईल बंद हा माझाच नियम, म्हणून फोन पिशवीत होता. चालू केला तर रेंज नाही. दुधनीच्या रस्त्याला परत लागेपर्यंत मी सगळ्या देवांना नवस बोललो, आणि कुठल्या देवाला काय कबूल केलं ते आजही नीट आठवत नाही.

दोन वळणं गेलो आणि समोरून सुनंदाची बस आली. मी आमची बस थांबवली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. दार उघडलं आणि पहिल्या पायरीवर मुक्ता, हातात अर्धं खाल्लेलं चिक्कीचं पाकीट.

“सर, खाली उतरू का?” तिने विचारलं. (नियम माझाच.)

मी तिला उचललं ते सोडवेना. पोरगी मासेमारांची जाळी बघत काठावर बसली होती. निघण्याआधी सुनंदा सगळ्या जागेवर एक चक्कर मारते, तिला मी वेळेचा अपव्यय म्हणत आलो. त्याच चकरेत मुक्ता सापडली. मी भर रस्त्यात सुनंदापुढे हात जोडले.

“दाजी, रडू नका, पोरं पाहून राहिले,” ती हळूच म्हणाली. तिचेही डोळे ओलेच होते. “चला, मोजून घेऊ. तुमच्या पद्धतीने आधी.”

मी खड्या आवाजात हजेरी घेतली, मुक्ताचं नाव सर्वांत आधी. मग सुनंदाने जोड्या लावल्या. पट पूर्ण, जोड्या पूर्ण. इतकं हलकं मला लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं. तोंड धुवावं म्हणून मी बाटली घेऊन झाडाआड गेलो.

परत आलो तेव्हा दोन्ही बस गेलेल्या होत्या. ‘अ’वाल्यांना वाटलं सर मॅडमच्या बसमध्ये, ‘ब’वाल्यांना वाटलं सर स्वतःच्याच बसमध्ये. चूक कुणाचीच नव्हती. हजेरीपटावर माझं नाव नव्हतं, आणि जोडी लावायला मीच नको म्हटलं होतं.