रोज पाणी देणारा घरमालक

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं.

धुळ्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना संसाराने भरलेले दोन टेम्पो आवारात शिरले. एकातून फैजपूरकडचे नाना आणि त्यांची बायको अक्का उतरली. दुसऱ्यातून भडगावचं तरुण जोडपं; बायकोला नववा महिना. दोघांनाही एकाच माणसाने एकच घर भाड्याने दिलं होतं. दोघांच्याही किल्ल्या कुलुपाला लागत होत्या. भांडणाआधी त्याच ओट्यावर दोन शेगड्या मांडून दूध उतू घालणंही झालं होतं.

"आमचं आधी उतू गेलं," नाना म्हणाले.

"तुमचं नुसतं तापलं होतं, नाना. उतू आमचं गेलं," ती मुलगी म्हणाली.

फिर्याद नोंदवली. हसू आवरलं, कारण त्या मुलीला बाळंतपणाआधी छप्पर हवं होतं. त्या घराच्या शेजाऱ्याकडून नंबर घेऊन खऱ्या मालकाला सुरतेला फोन लावला. तो म्हणाला, "मी कुणालाच घर दिलं नाही, साहेब. रंग द्यायला एका रंगाऱ्याकडे किल्ली होती, तीही त्याने परत केली. उद्या निघून येतो."

रंगाऱ्याचा फोन बंद होता. दुपारी ठाण्यासमोरच्या चहावाल्याने खबर दिली की एक गॉगलवाला माणूस पलीकडच्या कॉलनीत रिकामी घरं दाखवत हिंडतो. मी साध्या वेशात निघालो, मुलगी म्हणून महिला शिपाई सोबत घेतली. ती रस्ताभर मला 'आबा' म्हणत होती. मला वाटलं होतं, मी अजून 'भाऊ'तच बसतो.

गॉगलवाल्याने आम्हाला घर दाखवलं. "माझंच घर आहे, आबा. हौसेनं बांधलं."

संशय होता, पण खऱ्या मालकाला धरलं असतं तर पेपरात आम्हीच आलो असतो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि ती पदवी मी जळगावात भाड्याच्या खोल्या बदलत घेतली. घरमालक काय बोलतो आणि काय गिळतो, ते मला पाठ. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. मी सहज विचारलं, "पाणी कितव्या दिवशी?"

"रोज, आबा. चोवीस तास."

महिला शिपाई माझ्या कानाशी अहिराणीत पुटपुटली, "आबा, हाऊ मालक नही शे."

गॉगलवाला म्हणजे तोच रंगारी; अंगझडतीत किल्ल्यांचा जुडगा निघाला. रंगवलेल्या प्रत्येक घराची एक जास्तीची किल्ली त्याने करून घेतली होती, आणि घोटाळा नको म्हणून त्या त्या भिंतीच्या रंगाचा ठिपका लावला होता. नानांच्या आणि जोडप्याच्या किल्लीवरही तोच पोपटी ठिपका.

ठाण्यात मी विचारलं, "रोज पाणी कशाला सांगितलंस रे?"

"खरं सांगितलं तर गिऱ्हाईक जिना उतरतं, साहेब."

"आमच्याकडे केळीला रोज पाणी असतं," नाना ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, माणसालाही असेल."

दुसऱ्या दिवशी सुरतेहून मालक आला. ओळखीचा कागद काढण्याआधीच मी तोच प्रश्न टाकला.

"आठव्या दिवशी," तो उसासून म्हणाला. "तेही शेजारच्याने मोटर लावली नाही तर. आणि पावसाळ्यात मागची भिंत पाझरते."

कागद नंतर पाहिला, तो रीतीसाठी.

घरात राहायचं कुणी, हा प्रश्न अक्काने सोडवला. "पोरीला कुठे पाठवता या दिवसांत? ती आतल्या खोलीत, आम्ही पुढच्या. दूध दोघांचं उतू गेलं, असं धरा." मालकाने मान डोलावली.

घर भाड्याने घेताना लोक भिंतींचा रंग बघतात. मी सांगतो, आधी शेजारणीला पाण्याचं विचारा, मग मालकाला विचारा. जो स्वतःच्या घराचे दोष सांगतो, घर बहुधा त्याचंच असतं.

पुढे त्या जोडप्याला मुलगी झाली. बारशाला आम्हालाही बोलावणं होतं. बारावा दिवस धरला नव्हता; पाण्याचा दिवस धरला होता.