उजवा खण रिकामा

नांदगाव खंडेश्वरच्या जानरावला घर नव्हतं असं नाही. चांगलं सिमेंटचं घर होतं, अंगण होतं, कौशल्यासारखी बायको होती. पण त्या घराला चाकं नव्हती, एवढाच काय तो घराचा दोष. जन्मभर जानरावनं लांबलचक ट्रेलर ओढले; कधी लोखंडाचे, कधी पवनचक्कीच्या पात्यांचे, पार कच्छपासून कटकपर्यंत. नोकरी संपली तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही.

मग त्यानं अमरावतीच्या एका वेल्डरकडून स्वतःचा ट्रेलर करवून घेतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा हुकाला लटकणारा नाही. जुन्या पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, लोखंडी तबकडी बसवली आणि ट्रेलरची मान थेट तिच्यावर टेकवली, मोठ्या ट्रेलरची असते तशी. त्यामुळं खड्ड्यातही मागचा भाग हिंदकळत नसे. मागं उतरतं दार, त्यावर रबर. आत शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणाऱ्या दोन बैलांसाठी दोन खण. आणि पुढं, पिकअपच्या पाठीवर येणाऱ्या उंच भागात खाट, गॅस आणि पंखा. गावानं पोटभर हसून घेतलं. घरात बैल बांधणारे पाहिले होते, बैलांत घर बांधणारा हाच पहिला, असं पारावर म्हणत. जानरावला त्याचं काही नव्हतं. जोडी मागं, रस्ता पुढं आणि पटाच्या मैदानात भोंग्यावरून पुकारलेलं स्वतःचं नाव! आणखी काय पाहिजे माणसाला?

गेल्या साली उजवा बैल पोट फुगून गेला. राहिला राघू, डावीकडून पळणारा. पटाच्या बैलाची बाजू एकदा ठरली की ती सहसा बदलत नाही, म्हणजे आता उजव्या बाजूला पळणारा जोडीदार हवा होता. राघूचे दोन हंगाम जेमतेम उरलेले. त्यात जोड काही नजरेनं ठरत नाही, छकड्याला जुंपून पळवून पाहावं लागतं. म्हणून जानराव राघूला घेऊन गावोगाव फिरू लागला. अकोट झालं, तेल्हारा झालं. कुठं बैल मंद निघे, कुठं बैल बरा पण मालक आडमुठा. चार महिने गेले. खरं सांगायचं तर जानरावला या शोधाचा कंटाळा येत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

वलगावात साजिदकडे जोड सापडली. साजिद चाळिशीचा, पटाचा नादी शेतकरी. त्याचा बहादर उजवा, आणि तोही एकटाच. दोघांना जुंपलं तर पहिल्याच धावेत पावलं अशी जुळली की साजिदची म्हातारी आई खातूनबी ओसरीवरून उठून उभी राहिली. जानरावनं तिथंच बहादर मागितला. साजिद द्यायला तयार झाला, पण त्याची एक अट होती.

"काकाजी, राघू पळते चांगला, पण दमते लवकर. तुमी त्याले रोज फिरवला, रोज पळवला नाई. हे गाडी उभी ठेवा, दोघायले एका दावणीले बांधा अन् सकाळी पळवा. महिनाभर करून दाखवा, मंग बहादर तुमचा."

जानराव म्हणाला, त्यात काय मोठं! आणि बहादरला घेऊन घरी आला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रेलर धुतला, चौथ्या दिवशी पुन्हा धुतला. पाचव्या दिवशी चहापत्ती आणायला पिकअप काढली, मागं ट्रेलर तसाच जोडलेला. दुकानदारानं विचारलं, पोतंभर देऊ का? सकाळी बैल पळवायचे सोडून हा नट आवळत बसे. दहाव्या दिवशी टायरात हवा भरून येतो म्हणून निघाला तो बडनेऱ्यावरून अकोल्याच्या रस्त्याला लागला, आणि मूर्तिजापुरात चहाचा घोट घेताना त्याला आठवलं की बैलांना पाणी दाखवलेलं नाही.

तो परतला तेव्हा दुपार कलली होती. कौशल्यानं बैलांना पाणी पाजलं होतं आणि ती राघूच्या अंगावरच्या माश्या हाकलत उभी होती. ती भांडली नाही.

"तीस वर्षं तुमी रस्त्यानं राह्यले, मले सवय झाली," ती म्हणाली. "आता या मुक्या जनावरायले काहून लावता?"

जानरावला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. तीस वर्षांत ती असं एकदाही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं बहादरला ट्रेलरात चढवलं आणि मागोमाग राघूलाही. वलगावात राघूचं दावं साजिदच्या हाती दिलं. साजिद गडबडला, म्हणाला, भोंग्यावर आपल्या दोघांचीही नावं देऊ. जानराव नाही म्हणाला. जो रोज पळवील त्याचं नाव. आपण गाडीतून जोडीला पटाला न्यायचं-आणायचं तेवढं करू, असं त्यानं सांगितलं.

हिवाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या एका पटात जोडी उतरली. भोंग्यावरून पुकारा झाला, वलगावचे साजिद यांची जोडी. जानराव तेव्हा ट्रेलरच्या चाकाला दगड लावत होता. नाव ऐकलं आणि त्यानं लावलेला दगड काढून पुन्हा लावला. राघू त्याच्याकडे असताना कधी पळाला नव्हता, असा पळाला. शेजारच्या माणसानं विचारलं, डावा कुणाचा? जानरावनं साजिदकडे बोट दाखवलं.

धावा आटोपल्यावर त्यानं उतरतं दार खाली टेकवलं आणि जिभेनं टकटक केली. सहा वर्षं राघू त्या आवाजावर डोळे झाकून चढत आला होता. आज तो दारापाशी थांबला. मान वळवून त्यानं साजिदकडे पाहिलं. साजिद हळूच "चाल बेटा" म्हणाला, तेव्हा कुठं चढला.

जानरावनं दार वर उचललं. त्यानं कडी लावली, दोनदा ओढून पाहिली, आणि साजिदकडे न बघताच विचारलं,

"पुढचा पट कुठी हाये?"