किडकेकाकांची वाईन

चष्म्याच्या दुकानात काका दिवसभर भिंगं तपासत. केसाएवढा ओरखडा दिसला, की भिंग बाजूला. पण तेच गृहस्थ संध्याकाळी भाजी घ्यायला गेले, की नेमके उलटे वागत. भोक पडलेलं वांगं, चाळणी झालेली कोबी, डागाळलेलं सफरचंद असलाच माल हुडकून पिशवीत टाकत. "किड्याने खाल्लं ते माणसाला बाधत नाही. तुकतुकीत दिसलं, की फवारलेलं समजा!" अख्खी गल्ली त्यांना किडकेकाका म्हणे. बायको बिचारी वर्षानुवर्षं अळ्या वेचून स्वयंपाक करत आली होती.

अशा माणसाच्या मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला, आणि तोही तुकतुकीत. नोकरी चांगली, बोलणं गोड, दात सरळ, केस जागच्या जागी. काका त्याला भेटायला जात आणि नाक मुरडून परत येत.

"अहो, पण खोट काय आहे त्याच्यात?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही. तेच तर!"

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी तो जेवायला येतोय. हो की नाही, एकदाचं सांगून टाका. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच करणार नाही." मग जरा चाचरत, "तो जेवणाबरोबर थोडी रेड वाईन घेतो. ऑर्गॅनिक."

काकांनी उभ्या आयुष्यात थेंब चाखला नव्हता. पण 'ऑर्गॅनिक' ऐकलं आणि त्यांच्या अंगात वीरश्री संचारली. "मी आणतो! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

वाईनच्या दुकानातल्या विक्रेतीने चकचकीत बाटल्या मांडल्या. "या द्राक्षांवर रासायनिक फवारणी नसते, काका. हा बघा शिक्का."

"शिक्का कुणीही मारेल," म्हणत काका थेट गुडघ्यांवर बसले. खालच्या फळीवर, कोपऱ्यात एक बाटली होती. लेबल ओलं, बूच लालसर, आणि बुचाभोवती मुंग्यांची ये-जा. काकांचे डोळे लकाकले.

"ती नको! बूच गळतंय तिचं, परत पाठवायचीय."

"चांगला माल परत पाठवता होय? ताई, शिक्का विकत मिळतो, मुंगी मिळत नाही. हीच द्या."

तिने परोपरीने समजावलं. पण काकांसमोर शहाण्याने हात टेकावेत, तसे तिनेही टेकले.

रविवारी काकांनी मोठ्या थाटात बूच काढलं.

"व्हिनेगर कुणी सांडलं?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

होणाऱ्या जावयाने घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, कान लाल झाले.

"कशी आहे?"

"फारच छान, बाबा. जरा... वेगळी आहे."

"मग घे की अजून!" काकांनी ग्लास काठोकाठ भरला. बिचाऱ्याने डोळे मिटून अर्धा रिकामा केला. आता मात्र काकांना शंका आली. त्यांनी स्वतःसाठी थोडी ओतून चाखली, आणि तोंडाचा पार चंबू झाला.

"ही छान आहे?"

"नाही," मुलगा पुटपुटला.

"मग खोटं का बोललास?"

"घाबरलो. तुम्ही रागावून नाही म्हणालात तर काय, असं वाटलं. समोरचं माणूस दुखावेल म्हणून मी नेहमीच असं खोटं बोलतो. आणि नेहमीच पकडला जातो."

उजेडात भिंग धरून बघावं, तसे काका त्याच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, बाहेर ये! सापडलं भोक! घाबरट आहे, आणि धड खोटंही बोलता येत नाही त्याला!"

"मग?" मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मग काय, माझा होकार! फवारलेला नाहीये हा."

मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. बायको हातात डाव घेऊन दारातच उभी होती.

"का हो," ती शांतपणे म्हणाली, "मला पसंत केलंत, तेव्हा कोणतं भोक दिसलं होतं?"

काकांनी एकदा डावाकडे पाहिलं, आणि ग्लासातली उरलेली वाईन मुकाट्याने संपवली.