धूरवाल्या भाऊजींचं घमेलं

जवळ या बरं जरा. शहरात जाऊन बसलात आणि आमच्या सिहोऱ्याकडची माणसं पार विसरलात, शोभतं का हे? धूरवाले भाऊजी तरी आठवतात का? नाही म्हणालात तर चहा मिळणार नाही.

त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा. दिवेलागणीला डोक्याला दुपट्टा, घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर कडुनिंबाचा ओला पाला. स्वतःच्या गोठ्यात धूर झाला की शेजारी आमच्या. "वैनी, मुक्या जीवाले मच्छर चावते, ते कोणाले सांगन?" असं म्हणत. डोळे कायम लाल. त्यांची बायको म्हणायची, "माह्यासाठी तं कधी धूर नाही केला यानं, गाईलेच जपते." भाऊजी म्हणत, "तू हातानं मारतेस न! गाईले हात हायेत का?"

मग एका साली, धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असताना, त्यांची नात पिंकी तापली. ताप डोक्यात गेला, झटके आले. भंडाऱ्याला नेलं. मेंदूज्वर, म्हणाले. इकडे गावात जो तो शहाणा. कोणी म्हणे डुकरांचा रोग, कोणी म्हणे तळ्यावरच्या बगळ्यांचा, कोणी थेट गाईंवरच आलं. भाऊजी तर दावी सोडून गाई हाकलायलाच निघाले होते.

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी चावडीत समजावलं: हा रोग डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, डास तो माणसात आणतो. गाईपासून पुढे जात नाही. डुकरं घरांपासून लांब ठेवा, लेकरांना लस द्या, मच्छरदाणीत निजवा. भाऊजींना हायसं वाटलं. उठून विचारलं, "अन् साहेब, माहा धूर?"

"धुरानं डास मरत नाही, बाबा. दुसरीकडे जातो."

"दुसरीकडे म्हंजे कोणीकडे?"

डॉक्टर हसले आणि निघाले. पण भाऊजींच्या गोठ्याची आणि पिंकीच्या खाटेची भिंत एकच होती.

त्या संध्याकाळी घमेलं पालथं पडलं. अंधारताच गाई पाय आपटू लागल्या. भाऊजी गोठ्याच्या आणि घराच्या दाराच्या मधोमध उभे. "वैनी, धूर केला तं मच्छर घरात, नाई केला तं गाईले खाते. मीच लोटले का वो पोरीकडं?" पुढे डॉक्टरांनाही विचारलं, तर म्हणाले, कोणता डास कुठून आला, कसं सांगू?

पिंकी घरी आली. चालते, बोलते, उजवा हात मात्र तेवढा धरत नाही. भाऊजींनी तिच्या खाटेवर मच्छरदाणी बांधली, कडा गादीखाली खोचल्या, पुन्हा पुन्हा चाचपल्या, आणि मगच घमेलं पेटवलं. आमच्याकडेही आधी विचारत, "लेकरं अंदर हायेत का?" उत्तर आल्याशिवाय विस्तवावर पाला पडत नसे. मग धूर कुठे कुठे जातो ते नुसते बघत राहत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या बायकोनं घमेलं माझ्या हाती दिलं. आता दोन्ही गोठ्यांत धूर मीच करते. बरोबर करते की चूक, मला अजून उमगत नाही बाई. आधी भिंतीशी उभी राहून ओरडते, "लेकरं अंदर हायेत का?" पिंकी डाव्या हातानं कड खोचते आणि आतून म्हणते, "हाव, आजी, टाका पाला!"

आता परत गेलात तरी पुन्हा या लवकर, धान कापायच्या आत. आणि दिवेलागणीच्या आधी पोहोचा. तुमची खाट लावून, मच्छरदाणी बांधून ठेवते. तुम्ही आत शिरलात की मग धूर करू.