हँडलाएवढी वाट

पुलगावहून आर्वीकडं निघालं की मधे हिरडगाव लागतं. एस.टी. स्टँडपासून देवळापर्यंत एकच मोठा रस्ता, आणि गावाचं जे काही आहे ते सगळं त्याच्यावर. दुकानाचा माल पायरीखाली, मालापुढं मोटरसायकली, मोटरसायकलींपुढं ऑटो, आणि उरलेल्या पट्ट्यात बाकीचं जग. खैरीचा भैय्याजी त्या पट्ट्यातला माणूस.

खैरी तिथून कोसभर. भैय्याजीचा तिथं दोन एकराचा मळा, एक विहीर आणि एक काळी सायकल. सायकलीच्या कॅरिअरवर आडवी फळी बांधलेली, फळीच्या दोन टोकांना दोन मोठी डाली लोंबणारी. एका डाल्यात वांगी आणि टोमॅटो, तिकडची भेदरं, दुसऱ्यात पालक, मेथी आणि ओल्या फडक्याखाली सांबार, म्हणजे कोथिंबीर. अडतीस वर्षं तो हे ओझं घेऊन हिरडगावात दारोदार फिरला. कोणत्या मास्तरांना साखर आहे म्हणून कारली न्यायची, कोणत्या घरी सुनेला दिवस गेलेत म्हणून अंबाडीची जुडी राखायची, हे त्याला तोंडपाठ. भाजी विकून तो घरी लवकर कधी आला नाही. दारात टेकायचा, पाणी मागायचा, त्या घरचं सुखदुःख त्या घरी ऐकायचा आणि तिथंच सोडून पुढं जायचा. बाजारात बसून विकणाऱ्यांना तो दुकानदार म्हणायचा. त्याच्या तोंडी ती शिवी होती.

दोन वर्षांमागं दिवाळीच्या गर्दीत एका मोटरसायकलीचा आरसा डाल्यात अडकला. भैय्याजी सायकलीसकट आडवा झाला. कमरेचं हाड सांधलं, पण भरली सायकल चालवायचं बळ गेलं. तेव्हापासून तो ती हातात धरून पायी न्यायचा. म्हणजे त्याला आता पूर्वीपेक्षा जास्त जागा लागायची, आणि जागा तर पूर्वीपेक्षा कमी झालेली. त्याची बायको कुंताबाई फार बोलणारी बाई नव्हे. तिनं त्याला विहिरीवर नेलं, ओंजळीत पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "पडाल तवा नाई, नुसता धक्का लागन ना, त्या दिशी सायकल कोठ्यात. बोला हो."

भैय्याजीनं हो म्हणत पाणी सोडलं. कुंताबाईशी तो कधी खोटं बोलला नव्हता. सुरुवात करायचं वयही आता राहिलं नव्हतं.

त्यानंतर तो त्या रस्त्यानं कसा चालायचा ते बघण्यासारखं होतं. मागून आवाज आला की सायकल अंगाशी ओढून उभा. ऑटो गेला की दहा पावलं. पुन्हा उभा. जिथं अर्धा तास लागायचा तिथं दोन तास लागायला लागले. पालेभाजी उन्हानं मान टाकायची. देवळामागं राहणाऱ्या इंदिराबाई त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी अधू, घरात एकट्या. त्यांच्याकडं पोचेपर्यंत सांबार सुतळीसारखा झालेला असायचा. त्या तरीही घ्यायच्या, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

अशात रस्त्याचं काम निघालं. एका कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी वाट, स्टँड ते देऊळ. कामावर वेदश्री नावाची तरुण इंजिनिअर होती, वर्ध्याहून यायची. उन्हात टेप घेऊन फिरायची, खरोखर लोकांना विचारायची. तिनं भैय्याजीला एकदा तास-दीड तास थांबत थांबत जाताना पाहिलं आणि म्हणाली, काका, या वाटेचं माप तुमच्या सायकलीवरूनच घेऊ. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब लावायचे आहेत. तुमची सायकल जाईल, मोटरसायकल जाणार नाही, इतक्याच अंतरावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची सुट्टी आहे, रस्ता मोकळा असेल, तेव्हा या.

भैय्याजी त्या दिवशी उड्या मारायचाच बाकी होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचं माप घेणार होतं.

आता भैय्याजीचं पोळ्याचं एक होतं. त्याच्याकडं बैल नव्हते, वडिलांच्या पाठोपाठ गेले. तो पोळा सायकलीचा करायचा. आदल्या संध्याकाळी तिच्या दांडीला तूप-हळद लावून म्हणायचा, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. सकाळी डाली सोडायचा, फळी सोडायचा, विहिरीवर तिला धुऊन पुसून खोबरेल लावायचा, हँडलाला झूल म्हणून कुंताबाईच्या लुगड्याचा काठ बांधायचा. पोळ्याला जसं बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तसं तिच्या पाठीवर दोन दिवस ओझं ठेवायचा नाही. लोक हसायचे. तो म्हणायचा, अडतीस वर्षं पोटाले घालून राह्यली, तुमचे बैल किती वर्षं पुरते?

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं लाकडी बैल घेऊन रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांच्यातून भैय्याजी धुतलेली, सजवलेली, रिकामी सायकल घेऊन आला. डोक्याला टोपी, अंगात धुवट सदरा. वेदश्रीनं हँडलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावली. वर वीतभर जास्त धरली. मग खडूनं रस्त्यावर दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "काका, इतकी पुरेल ना? की आणखी हवी?"

रेघांमधून सायकल सुळकन गेली. भैय्याजीला डाली आठवली नाहीत असं कसं म्हणावं? आठवली असतील. पण समोर साहेबाचं माणूस, तेही पोरीसारखं, इतक्या मायेनं विचारतंय. अशा वेळी जास्त मागायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. जेवायला बसवलं तर एक पोळी कमी सांगणारा माणूस तो.

"पुरे झाली, मॅडम," तो म्हणाला. "गरिबाले जागा लागते तरी किती."

वाट उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार झाली. खरंच झाली, हे सांगायला हवं. सिमेंटची सपाट वाट, कडेला कठडा, गल्लीगल्लीच्या तोंडाशी पिवळे खांब. हायस्कूलच्या मुली तिच्यावरून सायकली हाणत जाऊ लागल्या. इंदिराबाई काठी टेकत, सात वर्षांनी, एकट्या स्टँडपर्यंत आल्या आणि परत गेल्या.

भैय्याजी पहिल्या दिवशी आला तो वांग्यांनी भरून. हँडल खांबांतून गेलं. मग डाली दोन्हीकडं खाटकन अडली. त्यानं मागं घेतली, तिरपी केली, पुन्हा घातली. मग एक डालं सोडून पलीकडं ठेवलं, दुसरं सोडलं, सायकल नेली, डाली पुन्हा बांधली. कमरेतून कळ निघाली. पुढं गल्ली आली, तिथं बाहेर पडायचे दोन खांब, आत शिरायचे दोन. देवळापर्यंत अशा सात गल्ल्या होत्या. दुसऱ्या गल्लीला तो डालं धरून नुसताच उभा राहिला.

कापडवाले सदाशिवराव गादीवरून बघत होते. दुकानापुढची जागा गेल्यामुळं त्यांचं डोकं आधीच तापलेलं. ते म्हणाले, "काऊन हो भैय्याजी, तुमच्याच मापाचा अंगरखा शिवला ना सरकारनं? मंग काखेत काऊन काचून राह्यला?"

भैय्याजीनं डालं पुन्हा बांधलं. भरली सायकल घेऊन पुन्हा मोठ्या रस्त्यावर उतरला. वाटेला जागा दिल्यानं तो रस्ता आता आणखी अरुंद झाला होता.

इंदिराबाईंनी त्याला अर्ज लिहून दिला. त्यांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं. प्रत्येक तोंडाशी एक खांब काढावा, म्हणजे भाजीची सायकल जाईल. खाली भैय्याजीची सही. वेदश्रीचं काम संपून ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. अर्ज दिल्यावर त्यानं तिला फोन लावला. ती म्हणाली, काका, खांब काढले तर मोटरसायकली येतील. मग म्हणाली, तुम्ही त्या दिवशी सांगायला हवं होतं हो.

"मले आता मागं घेता येते का तो अर्ज?" भैय्याजीनं विचारलं.

घेता आला नाही. ज्या कार्यालयात अर्ज सहा महिने झोपतात, तिथं हा आठवड्यात उठला. खांब कापले गेले, सगळे नव्हे, पण दुकानांपुढचे सगळे. पहिल्या दिवशी दोन मोटरसायकली आत शिरल्या. पंधरवड्यात वाटेवर त्यांची सलग रांग लागली, मागून दुकानांचा माल पायरीवरून खाली उतरला. मुली पुन्हा ऑटोंच्या मधून सायकली काढू लागल्या. कुणी कुरकुर केलीच तर सदाशिवराव सांगायचे की अर्ज आम्ही नाही दिला, भाजीवाल्यानं दिला, सही आहे. खोटं नव्हतं ते.

आषाढात एका सकाळी कुणाच्या तरी हँडलाचं टोक भैय्याजीच्या डाल्याला लागलं. तो पडला नाही. सायकलही पडली नाही. सांबाराच्या चार जुड्या चिखलात गेल्या, इतकंच. गाडीवाल्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, आणि गर्दीत दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं सायकल अंगणात न लावता सरळ बैलांच्या रिकाम्या कोठ्याकडं नेली. कुंताबाई चुलीपासून उठून दाराशी आली. पडले काय, तिनं विचारलं.

"नाई वं. धक्का लागला."

तिनं डाली सोडायला हात लावला. काही दिवसांनी एका डाल्याखाली कोंबड्या डालायला लागली. मळ्यातली भाजी आता टेंपोवाला नेतो. कोणत्या घरी जाते, ते भैय्याजीला माहीत नसतं.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी त्यानं आवतन दिलं नाही. पण तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सायकल काढली, अंगावरची धूळ नुसती फडक्यानं झटकली, हँडलाला सांबाराची एक जुडी अडकवली. इंदिराबाई आता घराबाहेर पडत नाहीत असं ऐकलं होतं. रिकामी सायकल, सुट्टीचा दिवस. याला शब्द मोडणं म्हणावं असं त्याला वाटलं नसावं.

स्टँडजवळचे दोन खांब तेवढे शिल्लक होते. तिथं दुकान नव्हतं. सायकल त्यांच्यातून गेली, दोन्हीकडं अर्धी अर्धी वीत सोडून. माप चोख होतं. पुढं दहा पावलांवर मोटरसायकलींची रांग सुरू होत होती, देवळापर्यंत. सुट्टी असूनही.

मोठ्या रस्त्यावर उतरायचं म्हणजे कुंताबाईला दिलेला शब्द मोडायचा. वळवायला जागा नव्हती, म्हणून सायकल उलट्या पावलांनी ओढत खांबांतून बाहेर काढली आणि सांबाराची जुडी घेऊन खैरीला परत आला. ती जुडी कुंताबाईनं संध्याकाळच्या वरणात घातली.